पोटाला जागा, खांद्याला माप

ताई,
मला गरोदरपणाचा चौदावा आठवडा चालू आहे. माझं काम बैठकांचं. आठवड्यातले तीन दिवस बाहेरच्या लोकांसमोर उभं राहून बोलावं लागतं. आमच्याकडे सगळे फॉर्मल शर्ट-पँट आणि ब्लेझरमध्येच असतात. गेल्या पंधरवड्यापासून माझ्या एकाही पँटचं बटण धड लागत नाही. कसंबसं लावलं तर दुपारनंतर बसवत नाही, आणि घरी येऊन बघते तर कमरेवर लाल वळ. म्हणून दोन मापं मोठा शर्ट घेतला, तर शेजारच्या टेबलावरचीने विचारलं, 'बरं नाहीये का तुला?' आरशात मलाही मी गबाळीच दिसले. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही. पाच-सहा महिन्यांसाठी नवं कपाट भरायचं जिवावर येतं. नीटनेटकं दिसणं आणि जीव सुखात असणं, दोन्ही एकदम जमतं का?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

जमतं. मी कपडे बेतते, शिवते, आणि माझ्या दोन्ही वेळी नववा महिना लागेपर्यंत कामावर जात होते. त्यामुळे हे तुला नुसता धीर द्यायला म्हणून लिहीत नाहीये. पण आधी त्या वळांचं बघू.

वळ उठवणारी पँट आजपासून बंद. घडी घालून वरच्या फळीवर ठेव. कमरेला आवळलं तर बाळाला इजा होईल अशी भीती तुझ्या मनात असेल तर ती काढून टाक, बाळ आत पाण्यात आणि गर्भाशयाच्या जाड स्नायूंच्या आड सुरक्षित आहे. त्रास होतो तो तुला. या दिवसांत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडावर असलेली झडप सैल पडलेली असते, त्यात कमरेचा पट्टा पोट दाबत असला की आंबट पाणी वर येतं, छातीत जळजळतं. काही जणींना मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, तिथली कातडी बधिर होते. मांडीकडे जाणारी एक नस कमरेच्या हाडाजवळून खाली उतरते, ती दबली की असं होतं, आणि घट्ट पट्टा ती दाबायला मदतच करतो. दिवसभर हे सहन करत बैठकीत हसतमुख बसायचं ही शिक्षा कशासाठी?

आणखी एक गोष्ट लक्षात घे. आत्ता तुझं जे पोट दिसतंय ते सगळं बाळाचं नाही. बाराव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या जेमतेम वर येतं, विसाव्याला बेंबीशी पोचतं, छत्तिसाव्याला बरगड्यांना टेकतं. सध्या बराच वाटा पोटफुगीचा आहे, कारण आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. म्हणून सकाळी लागलेलं बटण संध्याकाळी लागत नाही. यातून एक नियम काढ आणि शेवटपर्यंत पाळ: कपडा संध्याकाळी घालून बघायचा, आणि बसून बघायचा. उभं राहून आरशात छान दिसणारी पँट खुर्चीत बसल्यावर कुठे रुतते, ते दुकानात उभ्याने कधीच कळत नाही.

आता त्या दोन मापं मोठ्या शर्टाकडे येते, कारण तुझ्या पत्रातली खरी चूक तिथे आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येकजण करते. पोट वाढतंय म्हणून आपण सगळंच माप वाढवतो. पण गरोदरपणात खांदे वाढत नाहीत. कॉलर, बाहीची लांबी, मनगट हे सगळं होतं तेवढंच राहतं. मोठ्या मापाच्या शर्टात खांद्याची शिलाई दंडावर घसरते, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, खाली लोंबतो, कॉलर मानेपासून सुटते. समोरच्याला पोट दिसत नाही, दिसतो तो कुणाचा तरी मागून आणलेला कपडा. तुझ्या शेजारच्या टेबलावरची 'बरं नाहीये का' म्हणाली ते त्या घसरलेल्या खांद्यांमुळे.

माणूस टापटीप दिसतो तो खांद्याला, मानेला आणि कपड्याच्या खालच्या काठाला. या तीन जागा नेमक्या बसल्या की मधे पोटावर कितीही सैल असू दे, कपडा गबाळा दिसत नाही. म्हणून शर्ट घेताना खांदा तुझ्या नेहमीच्या मापाचा घे आणि छातीखालून घेर उघडणारा घे. छातीखाली किंवा खांद्याच्या पट्टीखाली चुण्या असलेला, खाली कळ्या घातलेला, किंवा बाजूला चिरा असलेला. गरोदरपणासाठी म्हणून शिवलेले कपडे मिळतात त्यांचं माप साधारणपणे आपल्या आधीच्याच मापाने घ्यायचं असतं, पोटाची जागा त्यांनी कापतानाच धरलेली असते. मोठं माप मागितलंस की परत तेच घसरलेले खांदे.

आणि पुढचा काठ बघ. पोट पुढे आलं की शर्टाचं पुढचं कापड वर उचललं जातं, मागचं तिथेच राहतं. आज सरळ दिसणारा काठ सातव्या महिन्यात पुढून चार बोटं आखूड दिसतो. नीट बेतलेल्या कपड्यात पुढचा भाग मुद्दाम लांब ठेवलेला असतो. शिवून घेणार असशील तर शिंप्याला हे आधी सांग, नाहीतर तो सवयीने पुढचं-मागचं सारखंच कापेल. विकत घेताना पोटावर छोटी उशी बांधून बघायला अजिबात लाजू नकोस. मी येणाऱ्या बायकांना हेच करायला लावते.

पँटकडे वळते. आत्ताच्या तीन-चार आठवड्यांसाठी एकही पैसा खर्च करू नकोस. केसांचं साधं रबर घे. काजातून अर्धं बाहेर ओढ, त्याचंच एक टोक दुसऱ्यातून घालून काजाला गाठ बसव आणि मोकळं राहिलेलं टोक बटणाला अडकव. दोन-अडीच इंच जागा मिळते. चेन थोडी खाली घसरते, म्हणून वर ताणाच्या होजिअरीचा रुंद पट्टा चढव. पोटाचा पट्टा म्हणून हा तयार मिळतो, नाहीतर जुन्या ताणदार बनियनचा खालचा भाग कापलास तरी भागतं. वरून शर्ट बाहेर सोडला की दिसतो फक्त आतल्या बनियनचा काठ. मी पहिल्या खेपेला एका सादरीकरणाच्या आधी बाथरूममध्ये उभी राहून हेच केलं होतं. घाम पुसला, रबर अडकवलं, आणि त्यानंतर चाळीस मिनिटं पोटाचा विचारही मनात आला नाही.

रबराची मुदत संपली की आपल्याच पँटला हात घालता येतो. बाजूच्या शिलाईत खिसा नसलेली, साधी, गडद रंगाची एक पँट निवड. दोन्ही बाजूंच्या शिलाया कमरेपासून खाली साधारण एक वीत उसवून घे. कमरेचा पट्टा फक्त त्या दोन जागी काप. उघडलेल्या फटीत वर रुंद, खाली निमुळता असा ताणदार विणीच्या कापडाचा त्रिकोणी तुकडा बसव, वरच्या कडेला इलॅस्टिक घाल. पँटचं मूळ कापड छाटू नकोस, आत दुमडून शिलाईच्या दाबात ठेव. बाळ झाल्यावर कधीतरी तुकडे काढून शिलाई पूर्ववत मारता येते. कोणताही बरा शिंपी हे तासाभराचं काम म्हणून करून देईल. एकच सांगते, तिरके खिसे असलेली पँट या कामाला देऊ नकोस, खिशाचं तोंड उघडं पडतं आणि सगळा अवतार बिघडतो.

विकत घ्यायची झाली तर दोन प्रकार दिसतील: पोटावरून छातीखालपर्यंत चढणारा रुंद ताणदार पट्टा, किंवा पोटाखाली बसणारा नेफा. वरचा पट्टा सहाव्या महिन्यानंतर फार सुखाचा, कारण पोटाला खालून आधार मिळतो. पण आत्ता, पोट लहान असताना, तो सारखा खाली घसरेल आणि तू दिवसभर पँट वर ओढत बसशील. शिवाय उकडतंही. खालचा नेफा आत्ताही चालतो, नंतरही चालतो, पण वाकताना मागून खाली सरकतो. नेफ्याच्या आत बटणं आणि काजांची इलॅस्टिकची पट्टी असलेली पँट मिळाली तर डोळे झाकून घे. ती महिन्यागणिक सोडत नेता येते आणि बाळंतपणानंतरही चालते. आणि जंपसूट कितीही सुंदर दिसला तरी नको. दर तासाला बाथरूमला जायची वेळ येणार आहे, तेव्हा खांद्यापासून सगळं उतरवणं नकोसं होईल.

आता ब्लेझर. इथे तुझी चांदी आहे. तुझ्याकडे आहे तोच ब्लेझर घाल, बटण न लावता. ब्लेझरचं कामच खांद्यांना आकार देण्याचं आहे, बटण लावणं न लावणं गौण. आत एकाच रंगाची पँट आणि वरचा कपडा घातलास आणि वर ब्लेझर उघडा सोडलास की दोन्ही बाजूंना दोन उभ्या कडा तयार होतात, सगळं कसं बांधेसूद दिसतं. बैठकीच्या दिवशी हाच वेष ठरवून टाक, सकाळी डोकं चालवायला नको. शेवटच्या दोन महिन्यांत बाहीत हात घालताना काखेत आवळायला लागलं तर पातळ विणीचा, पुढून उघडा कार्डिगन घे. तोही तितकाच चांगला दिसतो, फक्त त्याच्या खांद्याची शिलाई जागेवर हवी.

शर्टाची बटणं छातीवर ताणली जाऊन मधे फटी पडत असतील तर दोन बटणांच्या मधे आतून एक टिचबटण शिवून टाक. पाच मिनिटांचं काम, आणि बोलताना सारखा हात छातीकडे जात नाही. हात उचलून फळ्यावर लिहिताना पोट उघडं पडतं का, तेही घरी एकदा बघून घे.

आतल्या कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. बाकी सगळं काटकसरीत कर, ब्रामध्ये करू नकोस. छातीचा आकार पोटाच्या कितीतरी आधीपासून बदलतो, आणि पुढे बरगड्यांचा पिंजराही रुंदावतो. छातीखालचा घेर पाच ते सात सेंटिमीटरनेही वाढू शकतो. तुझी जुनी ब्रा आता रुतत असणार आणि दुपारी तुला दम लागल्यासारखं वाटत असेल तर त्यात तिचाही हात असेल. नवी घेताना सगळ्यात आतल्या, म्हणजे घट्ट बाजूच्या हुकावर नीट बसणारी घे. एरवी उलटं सांगतात, पण आता घेर वाढत जाणार आहे, तेव्हा बाहेरचे हुक पुढच्या महिन्यांसाठी मोकळे राहिले पाहिजेत. तारेची ब्रा रुतत असेल तर सोड. रुंद पट्टे, सुती अस्तर. जुन्या ब्रा टाकायच्या नसतील तर मागे जोडायची हुकांची पट्टी मिळते, ती महिनाभर नक्की वेळ मारून नेते. खालचे कपडे सुती आणि पोटाखाली बसणारे घे. अंगावरून पांढरं जास्त जातं, ते या दिवसांत नेहमीचंच आहे, पण नायलॉनमध्ये दिवस काढलास तर खाज आणि चुरचुर वाढते. खाज सुटली, वास किंवा रंग बदलला तर मात्र डॉक्टरांना सांगायचं.

हल्ली जास्त उकडतंय असं वाटत असेल तर तो तुझा भास नाही. अंगातलं रक्त या नऊ महिन्यांत चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, कातडीकडे जास्त रक्त धावतं, त्यामुळे शेजारची बाई शाल गुंडाळून बसलेली असते तेव्हा तुझ्या पाठीवरून घाम ओघळतो. निव्वळ पॉलिएस्टरचा शर्ट इस्त्रीत राहतो म्हणून मोह होईल, पण तो घाम शोषत नाही. सुती कापडात थोडा ताण, लेबलवर तीन ते पाच टक्के इलास्टेन किंवा स्पँडेक्स लिहिलेलं असतं, तेवढा पुरतो. कापड धरून आडवं ओढ आणि सोड. परत जागेवर आलं तर घे, फुगा राहिला तर ठेवून दे, कारण तो फुगा गुडघ्यावर आणि पोटावर दुपारपर्यंत दिसायला लागतो. एकाच जाड कपड्यापेक्षा दोन पातळ थर बरे.

पायांकडे दुर्लक्ष करू नकोस. सांध्यांचे बंध सैल होतात, पायाची कमान थोडी बसते, वरून सूज. पुष्कळ जणींचा पाय लांबी-रुंदीने वाढतो, काहींचा कायमचा. दुपारनंतरच बूट घे, माप नव्याने घेऊन घे. उंच टाच आता नको, पोटाबरोबर तोल पुढे जातो आणि कमरेवर सगळा भार येतो. पण अगदी कागदासारखे चपटे बूटही टाचा दुखवतात. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच, आत मऊ तळवा, मागून पाय धरून ठेवणारा आकार. आणि लेस किंवा बक्कल नसलेला, कारण आठव्या महिन्यात स्वतःच्या पायाशी हात पोचवणं हे काम होऊन बसतं. काळा किंवा तपकिरी एकच जोड पुरे. दिवसभर उभं राहावं लागत असेल तर दाबाचे मोजे (कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज) डॉक्टरांना विचारून घे. ते सकाळी, पाय सुजायच्या आधी चढवायचे असतात. अंगठी घट्ट व्हायला लागली की लगेच काढून ठेव, अडकून बसेपर्यंत थांबू नकोस.

एक गोष्ट मात्र कपड्यांवर ढकलायची नाही. संध्याकाळी पावलं थोडी सुजतात आणि सकाळी उतरतात, ते चालतं. पण चेहरा किंवा हात अचानक सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे ठिपके चमकले, बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असली, गरम लागत असली, तरीही त्याच दिवशी दाखवायचं. सैल बूट घेऊन बघू, असं म्हणत थांबू नकोस.

आता न सांगण्याचं. कधी सांगायचं हे तुझं तू ठरव, त्यात मी पडत नाही. कपडे तुला आणखी काही आठवडे नक्की देतील. पहिलंच असेल तर बहुतेकदा पोट जरा उशिरा दिसतं. उघडा ब्लेझर, बारीक नक्षीचा किंवा गडद शर्ट, लांब स्कार्फ, एवढ्यावर निभतं. पण विसाव्या आठवड्याच्या पुढे लपवायच्या नादात कपडा बिघडतो. तंबूसारखं काहीतरी चढवून पोटाचा पत्ता लागू द्यायचा नाही, यात जेवढी शक्ती जाते तेवढ्यात दोन बैठका होतील. पोटावर अलगद बसणारा, ताणला न जाणारा कपडा घातलेली गरोदर बाई व्यवस्थितच दिसते. आणि सांगितल्यावर गणवेश, टाय, ठरावीक बूट असल्या सक्तींबद्दल वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता येतं. 'डॉक्टरांनी सपाट बूट सांगितलेत, काळेच घालीन' असं ठरवून गेलीस तर सहसा कुणी अडवत नाही. मागायला संकोच वाटला तर दोन ओळींचा मेल कर.

तुझ्यासारखंच पत्र शंभर वर्षांपूर्वीही कुणी लिहू शकलं असतं. लेना ब्रायंट नावाची लिथुएनियातून न्यूयॉर्कला आलेली एक विधवा शिवणकाम करून पोट भरत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका गरोदर गिऱ्हाइकाने तिच्याकडे चारचौघांत घालता येईल, पण अंगाला सुखाचा असेल असा पोशाख मागितला. लेनाने वरचा भाग आणि चुणीदार घागरा इलॅस्टिकच्या पट्टीने जोडून दिला. कपडा हातोहात खपायला लागला, पण वर्तमानपत्रं त्याची जाहिरात छापायला तयार नव्हती, गरोदर बाईचा कपडा हा विषयच छापायचा नाही म्हणून. शेवटी 1911 साली एका वर्तमानपत्राने छापली आणि दुकानातला माल संपला. मी नेफ्यात इलॅस्टिक ओवते तेव्हा मला ती बाई आठवते. तिच्या गिऱ्हाइकाने मागितलं तेच तू मागते आहेस, आणि त्यात जास्तीचं काहीच नाही.

खर्चाचं म्हणशील तर मी तुझ्या जागी असते तर एवढंच केलं असतं: दोन पँट, त्यातली एक उसवून वाढवलेली, चार वरचे कपडे, सगळे दोन्ही पँटवर चालणारे, आपलाच ब्लेझर, तीन ब्रा, बुटांचा एक जोड. वरच्यांपैकी दोन पुढून बटणं असलेले घे, बाळाला पाजायच्या दिवसांत तेच हाताशी येतात. बाळ झाल्यावर गर्भाशय आकसून पूर्ववत व्हायलाच सहा आठवडे लागतात, तेव्हा या पँट लगेच कुणाला देऊन टाकू नकोस. आणि सगळं आजच घेऊ नकोस. आता एक पँट, दोन शर्ट, ब्रा. बाकीचं सहाव्या महिन्यात, पोट कसं आणि कुठे वाढतंय ते बघून. काहींचं पुढे येतं, काहींचं रुंदीत जातं, आधी सांगता येत नाही. मैत्रिणीचे मागून आणायचे असतील तर पँट आणण्याऐवजी वरचे कपडे आण, ते दुसरीच्या अंगावर सहज बसतात.

शनिवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर कपाटातलं सगळं पलंगावर काढ आणि एकेक घालून खुर्चीत दहा मिनिटं बस. काहीतरी वाचत बस, म्हणजे लक्ष कपड्याकडे राहणार नाही. ज्यात दहा मिनिटांत एकदाही हात कमरेकडे गेला नाही तो कपडा ठेव. आणि पुढच्या बैठकीसाठी पर्समध्ये केसांचं एक रबर जास्तीचं टाक, पहिलं दोन-तीन दिवसांत ढिलं पडतं.